साक्रीची येष्टी आणि वस्तीची गाडी

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग उत्तरेकडून नंदुरबार-दोंडाईचा असा निघून जातो आणि हा विस्तीर्ण तालुका रस्त्यावर सोडून देतो. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा 6 आणि आताचा 53 क्रमांक, गावाला लागूनच आहे. दहिवेल, पिंपळनेर, निजामपूरची माणसं कॉलेजला, कोर्टात, दवाखान्यात जातात ती याच रस्त्याला लागून. त्यामुळे साक्री आगाराच्या फलाटावर गाडी कोणाची लागते, हा इथे रोजचा, जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

एसटीच्या आधी रस्ते खाजगी ‘सर्व्हिस मोटारीं’चे होते. मोटार भरली की निघायची, भरेपर्यंत माणसं ताटकळायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मागे भट्टी लावून कोळशाच्या वायूवर मोटारी चालवल्या गेल्या. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी बस सुटली आणि मुंबई राज्यात मार्गांचं राष्ट्रीयीकरण सुरू झालं. या बदलाचा मोठेपणा बसच्या रंगात नव्हता, वेळापत्रकात होता. गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटणार, हा शब्द खेड्याला पहिल्यांदाच मिळाला.

तेव्हा सुरत आणि धुळे एकाच राज्यात होते. 1 मे 1960 रोजी राज्य दुभंगलं, गुजरातचं स्वतंत्र परिवहन महामंडळ उभं राहिलं आणि कोंडाईबारी घाट उतरून नवापूरमार्गे सुरतेला जाणारी वाट आंतरराज्य झाली. घाट तोच, प्रवासी तेच. पण आता एकाच रस्त्यावर दोन महामंडळांच्या गाड्या आणि त्यांना परवान्यांचे करार. पुढे 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी एसटीचा धुळे विभाग मात्र दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच राहिला. नकाशे बदलले म्हणून लोकांचं येणं-जाणं बदलत नाही, हे एसटीनं कचेऱ्यांपेक्षा नेमकं ओळखलं.

गाड्यांची पिढी मात्र सतत पालटत राहिली. लाल डबा, मग 1982 च्या आशियाई खेळांचं नाव लावलेली एशियाड, अ‍ॅल्युमिनियमऐवजी पोलादी सांगाड्याची बांधणी, 2017 पासून वातानुकूलित शिवशाही. शिवशाहीतल्या बऱ्याच गाड्या भाड्याच्या होत्या: बस आणि चालक खाजगी मालकाचे, वाहक एसटीचा. एका गाडीत दोन धनी. प्रवाशाच्या लेखी मात्र ती एसटीच, कारण तिकीट एसटीचं.

मालक बदलला की काय होतं, हे साक्रीकरांनी एसटी कर्मचाऱ्यांच्या 2021-22 च्या संपात पाहिलं. 8 नोव्हेंबर 2021 रोजी शासनाने खाजगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. महामार्गावर सोय झाली. तिथे सवारी भरपूर असते. आडवळणाच्या पाड्यावर कोण जाणार? काळी-पिवळीला सीट भरल्याशिवाय परवडत नाही, आणि अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलीचा मोफत पास तिथे चालत नाही. न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर परतण्यास सांगितल्यावर गाड्या पूर्ववत झाल्या. मधल्या काळात ज्यांची शाळा बुडाली, त्यांचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात नाही.

नाशिकने शहरापुरता निराळा मार्ग धरला. 8 जुलै 2021 रोजी महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली आणि शहरातल्या फेऱ्या एसटीकडून तिच्याकडे गेल्या. ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे मिळतात. मोठ्या शहरात हे गणित बसू शकतं, कारण तिथे फेरीला गर्दी असते. साक्रीसारख्या तालुक्यात मात्र फेरी धावते ती गर्दीमुळे नव्हे, गरजेमुळे.

आता वीज आली आहे. 1 जून 2022 रोजी पहिली विजेवरची शिवाई धावली, तीही पुणे-अहमदनगर याच जुन्या मार्गावर. एका चार्जमध्ये सुमारे 250 किलोमीटर, धूर नाही, आवाज नाही. 2023 मध्ये एसटीने 5,150 विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. त्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. 2024 मध्ये अशोक लेलँडला 2,104 डिझेल बसची स्वतःच्या मालकीची ऑर्डर गेली. स्वतःची गाडी घेण्याचा हा निर्णय उशिरा आला, पण योग्य होता.

कारण साक्री आगाराची खरी परीक्षा वस्तीच्या गाडीत आहे. संध्याकाळी शेवटची फेरी पिंपळनेरच्या पश्चिमेकडे डोंगराच्या बाजूला जाते आणि गावातच मुक्काम करते. चालक-वाहक रात्र तिथेच काढतात. अंधार फिटायच्या आत इंजिन सुरू होतं; दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी आणि पहिल्या तासाला पोचायचं म्हणून वेणी घालत धावणाऱ्या मुली. विजेच्या बसला या मुक्कामासाठी त्या गावात चार्जर लागेल, नाहीतर रात्री रिकामंच आगारात परतावं लागेल आणि पहाटे पुन्हा यावं लागेल. किलोमीटरवर पैसे मोजणाऱ्या करारात त्या रिकाम्या फेरीचा दर आणि गावातल्या चार्जरचा खर्च आधीच लिहून घ्यायला हवा. तोवर पहाटे पाचला गावच्या पारापाशी उभी असलेली, दंवाने ओली झालेली ती डिझेलची लाल बसच तिथली येष्टी आहे.