कार निकोबारला आठ दिवस: जाऊन नेमकं काय करायचं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी उतारा. बोलताना जिथे घसरलो तिथे थोडं सावरलंय, बाकी जसं बोललो तसंच.

वाशिमच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो त्याच्या चर्चच्या तरुण संघाचा लीडर आहे, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. त्याला कार निकोबार बेटावर आठ-दहा दिवस जाऊन तिथल्या मंडळीसाठी काम करायचंय. प्रश्न एकदम सरळ: ‘भाऊ, काय केलं म्हणजे त्यांना खरंच उपयोग होईल?’

आधी नियम. हॅवलॉकला जसं तिकीट काढून जातो तसं निकोबारला जाता येत नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण कायद्यामुळे बाहेरच्या माणसाला प्रशासनाचा पास लागतो, आणि पर्यटनासाठी तो मिळत नाही. कोणाकडे चाललोय, कशासाठी, हे दाखवावं लागतं. त्यामुळे पहिलं काम बॅग भरण्याचं नाही, तिथल्या लोकांशी बोलून रीतसर बोलावणं मिळवण्याचं आहे. नियम कडक का, ते २०१८ मध्ये जगाने पाहिलं. जॉन चाऊ नावाचा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी बंदी मोडून नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला आणि जीव गमावून बसला. आपण नेतो तो साधा सर्दी-तापसुद्धा तिथल्या माणसांना जीवघेणा ठरू शकतो. धोका दोन्हीकडून होता.

पण कार निकोबार म्हणजे सेंटिनल नव्हे. कृपा करून हे दोन एकत्र करू नका. साधारण १२७ चौरस किलोमीटरचं सपाट बेट, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अठरा हजारांच्या आत. नारळ, डुकरं, बागायत, समुद्र. बहुतेक लोक कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती. तिथलं चर्च सीएनआयचं, म्हणजे ज्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात झाली तेच. त्यांना धर्म शिकवायला जायची गरज नाही. उलट भरलेली चर्चं कशी असतात हे आपण बघून यावं. आणि गंमत म्हणजे त्यांच्या बाजूला लाकडी तरफा लावलेल्या नावेला तिथे ‘होडी’च म्हणतात.

हे चर्च उभं कसं राहिलं, त्यातच अर्धं उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेदप्पन सॉलोमन नावाचे तमिळ प्रचारक सरकारी एजंट म्हणून तिथे राहायला गेले. त्यांनी शाळा चालवली आणि काही स्थानिक मुलांना शिकायला बर्मात पाठवलं. त्यातला एक मुलगा मंडालेत शिकून शिक्षक होऊन परत आला: जॉन रिचर्डसन. त्यांनी बायबल निकोबारी भाषेत आणलं, जपानी ताब्याची भयानक वर्षं लोकांबरोबर काढली, पुढे बिशप झाले, आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे नियुक्त खासदार म्हणून बसले. बेट बदललं ते त्याच बेटावरच्या मुलाने. बाहेरून आलेल्या माणसाचं काम त्याला घडवण्यापुरतं.

आपल्या वाशिममध्येही हेच दिसतं. अमेरिकेतून आलेल्या डॉ. ओर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. आज गावात कोणी त्यांचं नाव सांगेल, कोणी नाही सांगणार. पण हॉस्पिटलसोबत नर्सिंगचं शिक्षण उभं राहिलं म्हणून काम एका डॉक्टरवर अडकून राहिलं नाही. आमच्या धंद्यात याला हँडओव्हर म्हणतात. कोड लिहिणारा कंपनी सोडून गेला आणि सर्व्हर रात्री दोनला पडला, तर उठवणारं कोणी आहे का?

आता उलटं उदाहरण, आणि मला वाटतं हेच सगळ्यात महत्त्वाचं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने निकोबारची किनाऱ्यावरची गावंच्या गावं पुसली. मदतीचा पूर आला. लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. विषुववृत्ताजवळच्या त्या दमट उकाड्यात पत्रा! मग पक्की घरं आली, छोट्या कुटुंबांसाठी. पण निकोबारी माणूस ‘तुहेत’मध्ये राहतो, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबात, जमीन आणि नारळाच्या बागा तुहेतच्या. नुकसानभरपाई मात्र एकेकाच्या खात्यात आली, आणि वाटून खाणाऱ्या घरांत ‘माझे पैसे’ सुरू झालं. सिमरॉन जित सिंह यांच्यासारख्या संशोधकांनी याला मदतीमुळे वाढलेली आपत्ती म्हटलंय. लोकांनी मागितली होती हत्यारं, म्हणजे आपली घरं आपण बांधू. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त आधी विचारलं नाही.

म्हणून, भाऊ, माझं उत्तर. प्रत्येक गावाचा एक कॅप्टन असतो. त्याला आणि तिथल्या तरुण संघाला जायच्या महिनाभर आधी विचार, ‘काय बिघडलंय?’ भिंत रंगवायचा प्लॅन असेल तर सोड, रंग त्यांनाही देता येतो. तुझ्या हातात वायरिंग आहे. खाऱ्या हवेत स्विच, जोड, अर्थिंग सगळं लवकर गंजतं. चर्चचं आणि शाळेचं वायरिंग तपासायचं ठरलं तर एकट्याने करू नको. तिथली दोन पोरं सोबत घे, त्यांनाच खोलायला लाव, तू बाजूला बस. काम निम्मं होईल. होऊ दे. मल्टिमीटर आणि टेस्टर तिथेच ठेवून ये.

ऑगस्ट २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेट केबल कार निकोबारपर्यंत पोचलीय. म्हणजे परत आल्यावर बोर्डाचा फोटो पाठवून ‘दादा, ही वायर कुठे?’ विचारता येईल. त्या मेसेजला उत्तर द्यायची तयारी असेल तरच जा.

तारखांचं बोलायचं तर जानेवारी ते एप्रिल बघ. मे लागला की पावसात जहाजाचा भरवसा नाही, आणि परतीच्या तिकिटाला चार दिवस जास्तीचे धरूनच सुट्टी टाक.