बैलगाडा : हौस आणि हिशेब

वेगवान गाडी बाळगण्याची हौस ही पैसेवाल्या शहरांची गोष्ट होय, असा एक समज आहे. जे. आर. डी. टाटांकडे तरुणपणी बुगाटी मोटार होती आणि ती सुसाट हाकण्याची त्यांची आवड सर्वश्रुत आहे. आजही पुण्याच्या रस्त्यावरून दोनच आसनांची, जमिनीलगत बसलेली लाल मोटार गुरगुरत गेली की माणसे मान वळवून पाहतात. परंतु जुन्नर-आंबेगावकरांना या हौसेचे नवल वाटावयास नको. आमच्याकडे ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि तिचे नाव गाडा.

ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घाट म्हणजे येथे डोंगरातला रस्ता नव्हे. चढावर बांधून काढलेली धाव होय. गाडा लाकडी, हलका, अंगाने लहान. त्याला चार बैल : दोन पुढे, दोन मागे. गाड्यावर हाकणारा नसतो. अनेक घाटांत बैलांपुढे घोडीवरचा स्वार दौडतो. निशाण पडते, भंडारा उधळतो आणि बारा-तेरा सेकंदांत सारे संपते. या एका धावेला बारी म्हणतात. घड्याळावर सेकंदाचे अंश मोजून नंबर ठरतात. आंबेगावात नागापूरजवळच्या थापलिंगच्या खंडोबापुढे पौष पौर्णिमेला नवसाचे गाडे पळतात. चैत्रात तर गावोगावच्या यात्रा सुरू होतात. मुंबईचे डबेवाले याच भागातले, मावळ-खेड-आंबेगाव-जुन्नरचे. दरवर्षी यात्रांसाठी ते रजा घेतात आणि तेवढे दिवस मुंबईतील हजारो माणसे घरच्या डब्यावाचून राहतात.

आता मालकाच्या सुखदुःखाकडे वळू. जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राचे बळ घोड्याच्या बळाशी ताडून पाहिले आणि साडेपाचशे पौंड वजन एका सेकंदात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, असे माप ठरविले. मोटारीची शक्ती आजही या मापाने सांगतात. पण मोटारीतले घोडे किल्ली फिरविली की झोपी जातात. त्यांना चारा लागत नाही. गोठ्यातला बैल मात्र बारीच्या दिवशीही खातो आणि आखाडातही खातो. कडबा, पेंड, सरकी, कुणाकडे दूध नि अंडीसुद्धा. मोटारीचा भाग मोडला तर नवा मागविता येतो. बैलाचा गुडघा दुसरा मिळत नाही. उलट एका बाबतीत बैल वरचढ आहे. मोटार दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते. खोंडाने दोनचार घाटांत नंबर काढला की त्याच्यावर लाखांच्या बोली लागतात. बेल्ह्याच्या बाजारात खिल्लार खोंडाचे खूर, छाती, डोळे तपासणारे म्हातारे पाहावेत. इंजिन पारखणारा कोणताही मिस्त्री त्यांच्यापुढे शिकाऊ ठरेल.

हा खर्च एकट्याला झेपत नाही. म्हणून चौघांचे चार बैल आणि एक गाडा, अशी भागी होते. त्यातला एखादा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा असतो. रात्रपाळी करून आल्यावर आधी गोठ्यात डोकावणारे असे कामगार आमच्या चांगले परिचयाचे आहेत. सभेला बोलावले तर त्यांना वेळ नसतो. बैलाला चालवून आणण्यास असतो. आम्ही रागावतो, पण त्यांचा आनंद आम्हाला कळतो. कारखान्यात मालाला कंपनीचे नाव लागते. घाटात ध्वनिक्षेपकावरून त्यांचे स्वतःचे नाव पुकारले जाते.

या हौसेवर मोठे संकट आले ते कायद्याचे. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळकरमणुकीसाठी न वापरावयाच्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. साडेसात वर्षे घाट रिकामे होते. मोटार असती तर आच्छादन घालून ठेवता आली असती. पळण्यासाठीच वाढविलेला बैल कशासाठी पोसायचा? कुणी तो विकला, कुणी सोसायटीचे कर्ज अंगावर असतानाही ठेवला. त्यांना शहाणे म्हणावे की वेडे, हे आम्ही ठरवीत नाही.

मात्र बंदीमागचा आक्षेप खोटा होता असेही आम्ही म्हणणार नाही. शेपूट पिरगाळणे, टोचणे, चाबूक मारणे हे घडत असे, आणि ज्याला बोलता येत नाही अशा श्रमिकाची बाजू कुणीतरी मांडावयास हवीच होती. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्य बैल तपासतात, चाबकाला मनाई आहे. हे जाचक वाटणाऱ्या मालकाने कारखान्यातला सुरक्षेचा नियम आठवावा. तोही धन्यांना जाचकच वाटत होता.

बक्षिसेही मोठी झाली आहेत. मे २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. एरवी बहुधा मोटारसायकल मिळते. ती चौघांत वाटता येत नाही, म्हणून विकून पैसे वाटून घेतात. पण वर्षभर शेण काढणारा, बैलाला ओढ्यावर नेणारा, तो आजारी पडला तर रात्र जागणारा गडी या वाटणीत कोठे असतो? एका मळ्यात आम्ही हे विचारले. उत्तर मिळाले, "त्याला फेटा बांधतो की!" गडी शेजारीच उभा होता, तो हसला आणि वैरण टाकण्यास गेला. भागीची बोली होते त्याच दिवशी त्याचाही हिस्सा वहीत मांडावा, असे आम्ही सुचविले. दोघांनी मान हलविली, तिसऱ्याने चहा मागविला, चौथा म्हणाला, यात्रा झाल्यावर बघू.