पंख्याचा धातू

होडीच्या मागच्या फळीवर अडकवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाची सारी शक्ती ज्या तीन-चार पात्यांतून अखेर पाण्याला मिळते, त्या प्रोपेलरला बोलीत सरळ पंखा म्हटले जाते. परंतु वारा घालणाऱ्या पंख्यापेक्षा त्याचे नाते मळसूत्राशी अधिक जवळचे आहे, आणि हे नाते लक्षात घेतल्याशिवाय तो अ‍ॅल्युमिनियमचा असावा की स्टेनलेस स्टीलचा, या प्रश्नाला अर्थ येत नाही. 1837 साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी कालव्यातल्या चाचणीत वापरलेला पंखा खरोखरच दोन आट्यांचे लाकडी मळसूत्र होते, आणि त्याचा अर्धा भाग मोडून पडल्यावर नाव मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. आकाराने लाभ होतो की तोटा, हे पाणीच ठरवते, एवढे त्या मोडतोडीतून तेव्हाच दिसून आले होते.

मळसूत्राच्या दोन आट्यांमध्ये जसे ठरावीक अंतर असते, तसे पंखा एका फेरीत, पाणी लाकडासारखे घट्ट आहे असे मानले तर, जितका पुढे सरकेल त्या अंतराला पिच म्हणतात. पंख्यावर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेत असेल आणि गिअर ते निम्मे करत असेल, तर 19 इंच पिचचा पंखा ताशी सुमारे 80 किलोमीटरचा हिशेब मांडतो. प्रत्यक्षात पाणी निसटत असल्यामुळे वेग त्याहून कमी भरतो, आणि या तुटीला घसर म्हणावे. वेगाने पळणाऱ्या हलक्या होडीत ती साधारण 10 ते 20 टक्के असते. जड, संथ होडीत ती पुष्कळ वाढते.

धातूचा प्रश्न उपस्थित होतो तो इथे. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे, पण त्याचा ताठपणाही, म्हणजे भाराखाली वाकण्यास होणारा विरोधही, तेवढ्याच प्रमाणात कमी आहे. त्यामुळे इंजिन पूर्ण जोरात असताना अ‍ॅल्युमिनियमचे पाते किंचित वाकते, त्याचा पीळ सैलावतो आणि कोरलेला पिच पाण्यात तसाच राहत नाही. हे टाळण्यासाठी कारखानदार पाते जाड करतो, आणि जाड पाते पाणी कापण्याऐवजी ढकलत जाते. पोलादाचे पाते पातळ ठेवता येते, त्याच्या मागच्या काठाला कप नावाचे बारीक उलटे वळण देता येते, आणि ते वळण वापराने लवकर झिजत नाही. वळणावर होडी कलली असता किंवा पंखा पृष्ठभागाजवळ आला असता पाण्यावरची पकड टिकते ती बऱ्याच अंशी या काठामुळे. म्हणूनच दोन्ही धातूंच्या पंख्यांवर एकच आकडा असला तरी दोन्ही इंजिनावर सारखाच भार टाकतील असे गृहीत धरता येत नाही.

जाड पात्याचा आणखी एक दोष म्हणजे कॅव्हिटेशन. पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की पाणी थंड असूनही तिथे उकळते, वाफेचे बुडबुडे निर्माण होतात, आणि पुढच्या क्षणी अधिक दाबात सापडून ते फुटताना धातूचे कण उपटून नेतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 1894 साली पाण्यात उतरलेल्या टर्बिनिया या टर्बाइनच्या नावेला याच कारणाने आरंभी अपेक्षित वेग गाठता आला नाही. तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे बसवल्यावर तिने 34 नॉटची मजल मारली. बोथट झालेला, खरचटलेला काठ बुडबुड्यांना आमंत्रणच देतो, आणि असा काठ अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यावर वाळूच्या पाण्यात फार लवकर तयार होतो. पृष्ठभागावरची हवा पात्यांकडे ओढली जाऊन इंजिन एकाएकी मोकळे घोंघावू लागते, तो प्रकार मात्र निराळा. त्याला व्हेंटिलेशन म्हणतात, जरी बोलताना दोहोंची गल्लत नेहमीच होते.

किमतीतला फरक केवळ धातूच्या भावाचा नाही, घडवण्याच्या रीतीचा आहे. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळत असल्याने ते पोलादी साच्यात दाबाने भरून एकामागून एक पंखे काढता येतात, व वर रंग दिला की माल तयार होतो. पोलादाला याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते, म्हणून पंख्याची मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर चिनी मातीसारख्या पदार्थाचे कवच चढवतात, मेण वितळवून काढतात, पोकळीत पोलाद ओततात आणि प्रत्येक नग घासून-पुसून सारखा करतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मूर्ती ओतण्याची जी मेणाची पद्धत वर्णिली आहे, तिचेच हे कारखानदारी रूप होय. परिणामी पोलादी पंखा साधारणतः दोन ते चार पट महाग पडतो.

न गंजणारे पोलाद या नावामुळे होणारी समजूतही तपासून घेतली पाहिजे. क्रोमियममुळे पोलादावर जो अदृश्य थर बसतो तो त्याला समुद्रात पुष्कळ वाचवतो; पण आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यातला गिअरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचाच असतो, आणि खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जोडले गेले की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहून त्यांतील दुबळा धातू झिजतो. पंखा शाबूत राहतो, झीज गिअरच्या आवरणाला सोसावी लागते. म्हणून जस्ताचा किंवा विशिष्ट अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः झिजण्यासाठीच लावलेला तुकडा, वेळेवर बदलणे पोलादी पंख्याच्या मालकाला अधिकच आवश्यक ठरते. त्यावर रंग फासणे म्हणजे त्याला निकामी करणे होय.

राहतो आघाताचा मुद्दा, आणि निवडीत सर्वांत अधिक वजन त्यालाच द्यावे लागते. खडकावर आपटल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि आघाताची बरीच शक्ती स्वतःत जिरवते. पोलाद ती पुढे दांड्याकडे आणि गिअरकडे पाठवते. पंख्याच्या मध्यभागी असलेला रबराचा किंवा प्लास्टिकचा बुश धक्का बसताच घसरावा वा तुटावा अशीच त्याची योजना असते, त्यामुळे पोलादी पंखा लावला की गिअर मोडलाच, ही भीती अतिशयोक्त आहे. तथापि बुश फिरण्यातला धक्का सोसतो, दांडा वाकवणाऱ्या आडव्या तडाख्यापुढे त्याचे फारसे चालत नाही.

मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात बुडालेले खडक आहेत, कोकणातील खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे पावसाळ्यागणिक जागा बदलतात, आणि ओहोटीला पंखा तळ घासतो. अशा ठिकाणी कमी अश्वशक्तीच्या होडीला पोलादी पंख्याचा वेगात मिळणारा फायदा इतका अल्प असतो की त्यासाठी दोन ते चार पट किंमत मोजणे अनाठायी ठरते. खोल पाण्यात रोज तासन्‌तास, भरल्या वजनानिशी आणि शंभराहून अधिक अश्वशक्तीने धावणाऱ्या बोटीचे गणित उलटे आहे. तिथे ताठ पाते आपली किंमत वसूल करते. मोठ्या ट्रॉलरचे ब्राँझचे, संथ फिरणारे पंखे या तुलनेबाहेरचे आहेत.

मात्र धातूच्या आधी पिच पाहावा. पूर्ण भारात, पूर्ण जोरात इंजिनाचे फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत येत नसतील तर महागातला महाग पंखाही चुकीचाच ठरतो. पिच एका इंचाने कमी केला की फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात. आणि पोलादी पंखा घेतला तरी अ‍ॅल्युमिनियमचा एक जादा पंखा, पाना आणि नवी कॉटर पिन होडीत ठेवावी.