कानाचे दार आणि गाळ्यातला आवाज

कामणच्या गाळ्यांत, प्रेस आणि ग्राइंडरच्या शेजारी आपल्यातल्या कितीतरी जणी आठ-आठ तास काम करतात. डोळ्यात कण गेला तर लगेच कळते. कान मात्र न दुखता जातो. म्हणून आज कानाविषयी बोलू.

कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत. शेवटचे हाड तर तांदळाच्या कणीएवढे. मोठा आवाज आला की एक बारीक स्नायू ते हाड ताणून धरतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी होतो. हे कानाचे स्वतःचे दार. पण ते लागायला क्षणभर उशीर होतो. तोवर प्रेसचा ठोका आत पोचलेला असतो. घरघर सतत चालली की तो स्नायूही दमतो.

आणखी आत, प्रत्येक कानात, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. वादळी पावसात भात आडवा पडतो, तशा त्या आवाजाने मोडतात. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो, या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आधी 'स', 'श' असे बारीक आवाज पुसट होतात. गटाच्या बैठकीत कुणी 'सातशे' म्हणते आणि आपल्याला 'आठशे' ऐकू येते.

कानाच्या दाराला जोड हवी, ती इअर प्लगची. काही प्लगांना बारीक भोक असते: बोलणे आत येते, अचानक झालेला धमाका अडतो. पण दिवसभर चालणाऱ्या मशीनसाठी साधा फोमचा प्लग बरा. कानाची नळी वाकडी असते. फोम आत फुगून तिचाच आकार घेतो. कापसाच्या बोळ्याला ते जमत नाही.

लावायचा कसा? हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, अर्धा मिनिट धरून ठेवा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला तर नीट बसला. आठ तासांत तासभर जरी काढून ठेवला, तरी बराचसा फायदा जातो. कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावे लागते? घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते? मग कान तपासून घ्या. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते. वसईहून लोकलने जाता येते.

आवाजाने येणारे बहिरेपण कायद्यानेच कामाच्या आजारांच्या यादीत धरले आहे. तेव्हा प्लग मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. एकटीला संकोच वाटतो, म्हणून आपण गटाने मिळून मागू. मशीनला तेलपाणी करा, सैल पत्रे आवळा, हेही सांगू. आवाज जिथे निघतो तिथेच कमी झाला, तर सगळ्यांचेच कान वाचतील.