जाळे टाकले, पुढे काय?

विद्यापीठाच्या आवारातील संगणक-जाळ्याच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, की चर्चा सुरू होते ती वेगापासून. एक गिगाबिट पुरे की दहा हवेत, बिनतारी यंत्रणा कोणत्या पिढीची घ्यावी, या प्रश्नांवर समित्यांच्या बैठका रंगतात. वस्तुतः हा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा, तितकाच जमाखर्चाचा आहे. दर काही वर्षांनी जो खर्च पुन्हा करावाच लागणार, तो एकदाच करावयाचा म्हणून अंदाजपत्रकात मांडला जातो. दुखण्याचे मूळ तेथे आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतील परिसर ४११ एकरांचा. एवढ्या विस्तारावर विखुरलेले विभाग, ग्रंथालय, परीक्षा भवन आणि वसतिगृहे एका जाळ्यात आणावयाची, तर तांब्याची तार कामाची नाही. तिच्यावरून इथरनेटचा संदेश साधारण १०० मीटरपर्यंतच विश्वासाने जातो. म्हणून इमारती-इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाकावी लागते. ही फायबर नीट पुरली, तर वीस-पंचवीस वर्षे टिकते. तिच्या टोकाचे स्विच मात्र सात-आठ वर्षांत कालबाह्य होतात. अखंड वीजपुरवठ्याच्या संचातील शिशाच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांतच माना टाकतात. बिनतारी यंत्रणेची तर गोष्टच वेगळी: २००९, २०१३ आणि २०२१ अशी बारा वर्षांत तिची तीन मानके आली. इतक्या भिन्न आयुर्मानाच्या वस्तू एकाच निविदेत, एकाच अनुदानातून घेतल्या जातात आणि त्या एकाच वेळी जुन्या होतील असे गृहीत धरले जाते. कोणताही किराणा दुकानदार आपला तराजू आणि आपले दुकान एकाच वहीत एकाच दराने घसाऱ्याला टाकणार नाही.

समजा, यंत्रसामग्रीसाठी १० कोटी रुपये लागले आणि तिचे आयुष्य आठ वर्षे धरले, तर दरवर्षी सव्वा कोटी बाजूला पडले पाहिजेत. त्यात देखभाल आणि परवाने आलेच नाहीत. ही तरतूद शासकीय अनुदानातून क्वचितच होते. अनुदान मिळते ते नव्या वस्तूसाठी. नव्या इमारतीच्या पायाभरणीला मंत्री येतात. जुना स्विच बदलला म्हणून कोणी नारळ फोडल्याचे ऐकिवात नाही. परिणामी यंत्रे मोडेपर्यंत वापरायची आणि मोडल्यावर पुढील योजनेची वाट पाहायची, हाच रिवाज पडतो.

या रिवाजाची किंमत कोण देतो? केंद्र शासनाने मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटींच्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला मंजुरी दिली आणि संशोधनसंस्था व विद्यापीठे वेगवान दुव्यांनी जोडण्याचे काम हाती घेतले. परंतु विद्यापीठाच्या वेशीपर्यंत आलेले पाणी घरात पोहोचवायचे, तर आतले नळ धड असावे लागतात. तेथे सर्वांत शेवटी नंबर लागतो तो वसतिगृहांचा. ज्या विद्यार्थ्यापाशी खाजगी जोडणीचे पैसे नाहीत, त्याच्याच वाट्याला रात्री नऊनंतरची कोंडी येते. प्रवेश, परीक्षा-अर्ज, नियतकालिके, गुणपत्रिका ही सारी कामे आता याच तारांवरून चालतात. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे घाईने ठरविले. निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश धोक्यात आले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या प्रकरणाची कारणे अनेक होती, सारे खापर यंत्रणेवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तथापि तयारीआधी अंमलबजावणी केली की भुर्दंड विद्यार्थ्यावर पडतो, एवढे त्यातून दिसले.

नियोजन करताना काही गोष्टी स्वस्तातही साधतात. फायबरच्या कामात मोठा खर्च असतो तो खणण्याचा. तेव्हा एकदा चर खणला, की सहाऐवजी चोवीस तंतूंची केबल आणि एखादी रिकामी नळी टाकून ठेवण्यात शहाणपण आहे. दोन वेगळ्या वाटांनी वर्तुळाकार जोडणी केली, तर एका जेसीबीच्या फटकाऱ्याने अर्धे आवार अंधारात जात नाही. २०१६ च्या मानकामुळे जुन्या कॅट-५ई तारांवरूनही अडीच गिगाबिटचा वेग मिळू शकतो. सरसकट भिंती फोडण्याआधी हे तपासून पाहावयास हवे. न्यूनतम दराच्या निविदेत मात्र असा विचार बसत नाही, कारण तेथे तुलना होते ती खरेदीच्या किमतीची, आठ वर्षांच्या एकूण खर्चाची नव्हे.

तेव्हा अधिसभेपुढे येणाऱ्या अर्थसंकल्पात संगणक-जाळ्यासाठी स्वतंत्र घसारा निधी असावा आणि तो अन्यत्र वळविण्यास मनाई असावी. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे माणसे. अल्पमुदतीच्या कंत्राटावर नेमलेला तंत्रज्ञ निघून गेला, की कोणता चर कोठून गेला आहे याची माहितीही त्याच्याबरोबर जाते. नकाशा बहुधा त्याच्या डोक्यातच असतो. तो कागदावर उतरवून घेण्याचे काम कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता उद्या सकाळी सुरू करता येईल.