करप्रचित आवळा : बागेत जाऊन स्वहस्ते फळ आणण्याविषयी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायाचे चार पाद आहेत, हे आपणांस सांगावयास नको. त्यांतील तिसऱ्या पादाचे नाव 'करप्रचितीय'. परीक्षेसाठी आपण सर्वांनी ही नावे क्रमाने पाठ केली, कोणत्या पादात किती योग आहेत तेही लिहिले आणि पुढे गेलो. 'करप्रचित' म्हणजे हाताने तोडून गोळा केलेला. ज्या आवळ्यांपासून आमलकायस ब्राह्मरसायन करावयाचे, ते आवळे हाताने तोडलेले असावेत, या पहिल्याच अटीवरून पादास हे नाव पडले. ग्रंथकाराने संपूर्ण पादाची ओळख एका तोडणीच्या पद्धतीवरून करून द्यावी, याचा अर्थ मला पदवीनंतर पंधरा वर्षांनी, धुळे–जळगाव रस्त्यावर पारोळ्याच्या अलीकडे एका बागेत आवळ्याच्या झाडाखाली उभा असताना कळला. तो कळण्यास कारण माझीच एक चूक होती. ती येथे सांगतो. त्यात लपविण्यासारखे काही नाही.

मी दवाखान्यातील रुग्णांपुरता च्यवनप्राश दरवर्षी घरीच सिद्ध करतो. दिवाळी जवळ आली की रुग्ण विचारू लागतात, वर्तमानपत्रांत जाहिराती येऊ लागतात आणि आपलाही धीर सुटतो. त्या वर्षी मी आश्विनातच बाजारातून आवळे आणविले. फळे मोठी, चकचकीत, हिरवीगार. ग्रंथात पाचशे फळे सांगितली आहेत म्हणून घरातील सर्वांनी बसून मोजून पाचशे घेतली आणि साखर अर्धी तुळा, म्हणजे पन्नास पल, तोलून घातली. अवलेह आंबट झाला, म्हणून अंदाजाने आणखी थोडी साखर घातली. चाळीस बरण्या भरून वाटल्या. तीन आठवड्यांनी एक आजीबाई बरणी घेऊन आल्या. झाकण उघडताच आंबूस वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसले. त्यांचा नातू श्वासाच्या त्रासातून नुकताच उठलेला. त्याला त्या रोज सकाळी चमचाभर तेच देत होत्या. सुदैवाने मुलास काही झाले नाही. चाळीसपैकी ज्या बरण्या परत मिळाल्या त्या मी स्वतः खड्ड्यात ओतल्या. व्यापाऱ्यास दोष देणे सोपे होते. पण त्याने आवळे मागितले तसे दिले होते. चूक गणिताची होती आणि फळाचीही.

गणित आधी पाहू. च्यवनप्राशात जवळजवळ सर्व द्रव्ये पलाच्या मानाने सांगितली आहेत. आवळा मात्र संख्येने सांगितला आहे. संहिताकारांसमोर रानातील आवळा होता. सातपुड्यातून येणारा रानआवळा माझ्या काट्यावर साधारण आठ ते बारा ग्रॅम भरतो. अशी पाचशे फळे म्हणजे पाच किलोच्या आसपास. बागेतील आवळा मात्र वेगळा. चकैया, बनारसी किंवा फैजाबादच्या कृषी विद्यापीठातून आलेले कृष्णा, कांचन, एन.ए. ७ हे वाण निवडले गेले तेच मुळी मोठ्या फळासाठी. त्यांचे एक फळ सहज ३० ते ४५ ग्रॅमचे असते. म्हणजे पाचशे फळांचे वजन पंधरा ते साडेबावीस किलो. एक पल ४८ ग्रॅम धरले तर अर्धी तुळा साखर २ किलो ४०० ग्रॅम होते. पाच किलो आवळ्यांतून बी व तंतू काढल्यावर उरणाऱ्या पिष्टीला ही साखर पुरेशी आहे. वीस किलोच्या पिष्टीला ती कशी पुरावी? गुळ-साखरेचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की पाक टिकत नाही आणि आंबतो. माझ्या बरण्यांत नेमके तेच झाले होते. आता मी अर्ध्या तुळेस पाच किलो आवळे, तेही तोलून, असा नियम ठेवला आहे. काही सहकारी याच्या उलट करतात, पिष्टीच्या दुप्पट साखर घालतात. टिकते, पण तो मुरांबा होतो, अवलेह नव्हे. घृत व तैल यांचे प्रमाणही याच हिशेबाने बिघडते, हे औषधी निर्मात्या बंधूंनी एकदा आपल्या तक्त्यावर तपासून पाहावे.

आता फळाकडे येऊ. रसायनाध्यायाच्या पहिल्याच पादात आवळा-हरीतकी कशी असावी ते सांगितले आहे. फळ आपल्या काळी पक्व झालेले, रस व वीर्य यांनी भरलेले, ऊन, वारा, सावली व पाणी यांनी पोसलेले, किड्याने न खाल्लेले, न कुजलेले आणि निर्व्रण हवे. यातील 'निर्व्रण' हा शब्द मी वर्षानुवर्षे नुसता वाचत होतो. बाजारातला आवळा बहुधा काठीने झोडपून किंवा फांदी हलवून जमिनीवर पाडलेला असतो. पडताना त्याला जो मार बसतो तो त्या दिवशी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेथे तपकिरी डाग उमटतो, गोणीत दाबलेला असल्यास आठवड्यात निळसर-हिरवी बुरशी धरते. व्यापारी वरची पुसून देतो. व्रण आहे तो आतच राहतो. हाताने तोडण्याचा आग्रह हा केवळ विधीचा भाग नाही, याची खात्री एकाच बागेतील झोडलेली आणि तोडलेली फळे दोन टोपल्यांत आठ दिवस शेजारी ठेवून कोणासही करून घेता येईल.

काळाविषयीही असेच. आवळ्यास मोहोर येतो वसंतात. पण धरलेले फळ उन्हाळाभर जवळजवळ निजून राहते आणि पाऊस पडल्यावर वाढू लागते. कार्तिकात ते आकाराने पूर्ण दिसते, परिपक्व नसते. आपल्याकडे कार्तिक शुद्ध नवमीपासून आवळीभोजन करण्याची रीत आहे, त्यावरून फळ तेव्हा तयार झाले असा समज होतो. रीत झाडाखाली जेवण्याची आहे, फळ तोडण्याची नाही. केवलामलक रसायनात साधकाने वर्षभर गाईंमध्ये राहून दूध घ्यावे आणि पौष, माघ किंवा फाल्गुन पौर्णिमेस आवळ्याच्या वनात शिरून, भरपूर मोठ्या फळांनी लगडलेल्या झाडावर चढून फांदीवरचे फळ हातात धरावे, असे सांगितले आहे. आमलकायस रसायनाच्या भावनांसाठीही माघ-फाल्गुनच सांगितला आहे. संहिता इतक्या स्पष्टपणे तीन महिन्यांची नावे घेते आणि आपण दिवाळीच्या गिऱ्हाइकासाठी आश्विनातला कोवळा आवळा उकळतो! मी तरी आता रुग्णांना 'पौषानंतर मिळेल' असे सांगतो. काही दुसरीकडून घेतात, घेवोत.

पक्वता ओळखण्याच्या खुणा बागेतच पाहता येतात, बाजारात नव्हे. गडद हिरवा रंग जाऊन फळ पिवळट, किंचित पारदर्शक दिसू लागते. पाकळ्यांच्या रेषा स्पष्ट होतात. एक फळ कापून पाहावे. बी पांढरट असेल तर थांबावे, तपकिरी झाले असेल तर तोडावे. कापल्यावर गर आतून काळसर किंवा तपकिरी आढळला, बाहेरून फळ निर्दोष असूनही, तर ते झाड सोडावे. बोरॉनच्या कमतरतेने काही वाणांत हा दोष येतो आणि अशा गराचा अवलेह कडसर होतो.

खानदेशात बागा शोधाव्या लागतात, पण आहेत. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे कोरडवाहू भागात आवळा, बोर, सीताफळ यांची लागवड झाली. पुढे भाव न मिळाल्याने पुष्कळांनी आवळा तोडून टाकला. ज्यांनी ठेवला आहे ते शेतकरी तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून व्यापाऱ्यास झाड उक्ते देतात, आणि उक्ते घेणारा झोडपणारच. म्हणून कार्तिकातच बागेत जाऊन शेतकऱ्याशी बोलावे, दोन-चार झाडे आपल्यासाठी राखून ठेवावीत आणि बाजारभावापेक्षा काही अधिक देण्याचे आधीच ठरवावे. हाताने तोडण्यास वेळ लागतो. तो वेळ आपला असला तरी झाड त्याचे अडून राहते.

दुसरे विचारावयाचे ते फवारणीचे. आपला मुलूख कपाशीचा. आवळ्यावर शेतकरी फारशी औषधे मारत नाही, परंतु बांधापलीकडे कपाशी असेल तर वाऱ्याबरोबर फवारा येतोच. वाऱ्याची दिशा आणि शेवटच्या फवारणीची तारीख, दोन्ही विचारून वहीत लिहावीत. विक्रीसाठी औषध करणाऱ्या बंधूंना तर २००० सालापासून लागू झालेल्या परिशिष्ट 'टी'प्रमाणे कच्च्या द्रव्याची नोंद ठेवावीच लागते. तेथे 'आवळा, बाजार' एवढेच लिहिण्यापेक्षा वाण, गाव, झाडे आणि तोडल्याचा दिवस लिहिता आला तर ती नोंद खरोखर उपयोगाची होईल.

तोडणीस सकाळी जावे, परंतु दव वाळल्यावर. ओले फळ भरले की बुरशी धरते. आवळ्याची फांदी ठिसूळ असते, फळांच्या भारानेही मोडते, म्हणून ग्रंथात चढावे म्हटले असले तरी आपण चाळिशी ओलांडलेल्यांनी शिडी न्यावी. फळ ओढू नये. मुठीत धरून किंचित पिळले की सुटते. गोणी नको. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये तळाशी केळीचे पान घालावे. जळगाव जिल्ह्यात त्याची तरी वाण नाही! झाडाखाली आधीच पडलेली फळे उचलून त्यात मिसळण्याचा मोह टाळावा. लोखंडाची सुरी वा कढई आवळ्यास लावू नये. तुरट अंशामुळे गर काळा पडतो.

औषधी निर्मात्यांसाठी आमलकी रसायनाचा मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. आवळ्याच्या चूर्णास आवळ्याच्याच स्वरसाच्या एकवीस भावना. प्रत्येक भावना पूर्ण वाळल्यावर पुढची, असे म्हटले तर हे काम तीन-चार आठवडे सहज चालते आणि तितके दिवस ताजा स्वरस लागतो. एकदाच फळे आणून हे साधत नाही. शीतगृहातील फळाचा किंवा बाटलीतला रस वापरणे म्हणजे मूळ कल्पनाच सोडणे. जवळची एक बाग, आणि माघात दर दोन-तीन दिवसांनी लागेल तेवढेच तोडून आणणे, हाच त्याचा मार्ग. एकवीस भावना लिहून सात देणाऱ्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही.

विलायतेत लोक शेतावर जाऊन स्ट्रॉबेरी, सफरचंदे स्वतः तोडतात आणि वजनाप्रमाणे पैसे देतात, हा तेथे मोठा व्यवसाय आहे. आपल्या राज्यानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पण खानदेशास शेतावर जाऊन खाणे शिकवावे लागत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुन्हा ताटात आले की शेताशेतांत काडीच्या जाळावर भरिताची वांगी भाजली जातात. २०१६ मध्ये जळगावच्या केळ्याबरोबर या भरिताच्या वांग्यासही भौगोलिक मानांकन मिळाले. मेहरुणची बोरे, पौषातला हुरडा, सारे याच दिवसांत. म्हणजे आवळा पक्व होतो तेव्हाच आपला माणूस शेताकडे निघालेला असतो. मी गेली काही वर्षे बरे झालेले पाच-सहा रुग्ण व त्यांची मुले बरोबर नेतो. ज्याने बरणीतले काळे लेह्य नाकारले, तो मुलगा स्वतः तोडलेला आवळा मीठ लावून खातो आणि घरी आईला साखर न घालता मागतो, असे पाहिले आहे. हुरड्यावर मात्र लक्ष ठेवावे लागते. मंदाग्नीच्या माणसास गुरू धान्य आणि वर दही, असे झाले की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तोच पहिला असतो.

सातपुड्यातील रानआवळ्याविषयी एक खुलासा. यावल अभयारण्यात किंवा राखीव जंगलात आपण टोपली घेऊन शिरू नये; तो गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क तेथील आदिवासी व पारंपरिक वननिवासींचा आहे. चोपडा, यावल, शिरपूरकडील आठवडे बाजारांत पावरा व भिल्ल भगिनी आवळा आणतात, तो त्यांच्याकडूनच घ्यावा. आधीच्या बाजारी भेटून सांगावे की फांद्या तोडून नव्हे, हाताने वेचून आणा, आणि त्याचा अधिक भाव द्यावा. फांदी तोडलेल्या झाडास पुढची काही वर्षे फळ धरत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. प्रश्न दिवसाच्या मजुरीचा असतो. गेल्या पौषात मला असे तीन किलो मिळाले, दोन किलो बागेतले घातले. त्याच रात्री पोटली बांधून काढ्यात सोडली. पाकाची परीक्षा केली तेव्हा तार धरली होती, थेंब पाण्यात तळाशी बसला आणि बोटाची मुद्रा उमटली. त्या बरण्यांपैकी एक मी मुद्दाम न उघडता ठेवली होती. ती ज्येष्ठात, मिरगाच्या आधी उघडली. आंबूस वास नव्हता.