हातचे काम जाते तेव्हा

सुरतच्या वराछा-कतारगाममध्ये एकेका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या चाकाभोवती,  चार-पाच रत्नकलाकार दिवसभर शेजारी-शेजारी बसून काम करतात. जगातल्या दहापैकी जवळपास नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते याच शहरात. पण मजुरी बहुतेकांना नगावर मिळते. कच्चा माल आला नाही, तर त्या दिवसाची कमाईही नाही. रशियन हिऱ्यांवरील बंदी, अमेरिका-चीनमधली घटलेली मागणी आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांमुळे कोसळलेले भाव, असे सगळे 2023-24 मध्ये एकदम आले. आत्महत्यांच्या बातम्या वाढल्या, तेव्हा डायमंड वर्कर्स युनियन गुजरात या कामगार संघटनेने जुलै 2024 मध्ये हेल्पलाइन सुरू केली. काही महिन्यांतच दीड हजारांहून अधिक फोन आले. बहुतेकांनी काम मागितले; कुणी मुलांच्या शाळेची फी, कुणी घरभाडे, कुणी कर्जाचा हप्ता.

यावरून कुणी म्हणेल, हा मनाचा प्रश्नच नाही. काम द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. यात बरेच तथ्य आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने रोख मदत दिली, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी घटल्याचे 2019 च्या एका अभ्यासात दिसले. गुजरात सरकारनेही मे 2025 मध्ये रत्नकलाकारांच्या मुलांची वर्षाची फी 13,500 रुपयांपर्यंत भरण्याचे जाहीर केले. हा मानसिक आरोग्याचाच उपाय मानायला हवा. तरीही तो पुरेसा नाही, कारण नैराश्य माणसाची झोप, एकाग्रता आणि उद्याची आशा हिरावून घेते. काम शोधायला, मदतीचा अर्ज भरायला लागते ते बळच त्यात संपते. पैसा आणि मनाचा आधार दोन्ही एकत्रच पोचले पाहिजेत.

पण एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचे उत्तर गोव्यात सापडते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी तज्ज्ञ नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नेमले. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला रोजची छोटी कामे पुन्हा सुरू करायला आणि अडचणी एकेक करून सोडवायला मदत करत. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्या 64 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अर्थात हे प्रशिक्षण आणि देखरेखीचे फळ आहे, नुसत्या सदिच्छेचे नाही. म्हणून घंटीवरच्या सोबत्याने डॉक्टर होऊ नये. मात्र शेजारचा माणूस गप्प झाला, खाडे करू लागला, व्यसनाकडे वळला, हे सर्वांत आधी त्यालाच दिसते.

दिसले तरी विचारायची भीती वाटते. आत्महत्येचे नाव काढले तर नको तो विचार डोक्यात येईल, असा समज आहे. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या 2005 च्या चाचणीत असा अपाय आढळला नाही; आधीच खचलेल्या मुलांचा ताण तर थोडा कमीच झाला. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला मात्र बोलणेच बंद पाडतो. त्यापेक्षा सरळ विचारावे, ऐकून घ्यावे, आणि धोका वाटला तर एकटे न सोडता डॉक्टरकडे सोबत जावे. सुरतच्याच लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांनाही हे तितकेच लागू आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक प्रत्येक कारखान्याच्या दारावर लिहा, आणि त्याखाली आर्थिक मदतीचा अर्ज कुठे मिळतो तेही लिहा.